पाचगणीची भाची

कल्याणच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा ती वाचायला माणसाला न्याहारी करूनच बसावं लागत होतं. आठ पानं, वर सोनेरी गणपती, आणि आत इतकी नावं की मतदार यादीनं खाली मान घालावी. आशीर्वाद देणारे वेगळे, निमंत्रक वेगळे, स्वागताला उत्सुक असणारे त्याहून वेगळे. व्यवस्थापकांच्या रांगेत दोन वर्षांमागं वारलेल्या एका चुलत्याचंही नाव होतं. जित्यापणी त्यानं लग्नात पाण्याचा जग उचलला नव्हता, आता तरी उचलील, म्हणून मिरजगाव दोन दिवस हसत होतं.

कल्याणच्या थोरल्या बहिणीनं, लंकानं, मात्र पत्रिका शेवटून उघडली. हात पिठानं भरलेले. पदराला पुसले तरी बोटं पांढरीच. शेवटच्या पानावर खालच्या अंगाला घरातल्या पोरासोरांची नावं असतात. वर लाडिक अक्षरांत ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली सगळी किलबिल. पोरगं रांगतं असो का दहावीला बसलेलं असो, त्या ओळीत ते असतंच. लंकानं बोट फिरवलं. सतरा पोरं होती. मामेबहिणीची जुळी होती. चुलतभावाच्या बायकोच्या पोटातलं, अजून जगात न आलेलं लेकरूसुद्धा ‘छोटा पाहुणा’ म्हणून हजर होतं. अठराव्या जागी ‘टायगर’ होता. हा टायगर म्हणजे घरातलं कुत्रं. कल्याणच्या मित्रांनी गंमत म्हणून घुसडलेलं.

लंकाची धनश्री नव्हती.

लंकानं पुन्हा बोट फिरवलं. पानावर पिठाची रेघ उमटली. मामाला सख्खी भाची एकच, आणि तिचंच नाव नाही. कुत्र्याचं आहे.

संध्याकाळी कल्याण साखर कारखान्यातली पाळी संपवून आला, गाडी लंकाच्या पिठाच्या गिरणीपुढं लावली. लंकानं पत्रिका समोर धरली.

“हे काय रं?”

कल्याणनं बघितलं, कपाळावर हात मारला. “आक्का, त्या प्रेसवाल्याच्या डोळ्यात माती पडली व्हय! म्या सोता लिहून दिलं हुतं. पयलंच नाव धनूचं.”

“मंग टायगर बरा दिसला त्याला?”

“दुसऱ्या खेपेला टाकून घेतो ना. तू नको जीव जाळू.”

आणि लंकानं जीव जाळला नाही. हाच तो कल्याण. धनूचे केस कापायचे म्हटलं की न्हावी गाव सोडून पळायचा, कारण कात्रीचा आवाज झाला की पोरगी भिंतीला डोकं आपटायची. मग कल्याणनं नगरहून एक छोटी कात्री आणली. आठ दिवस ती नुसती धनूसमोर ठेवून बसला. मग स्वतःची एक बट कापून दाखवली. मग रोज धनूची एकच बट. महिनाभरानं केस कापून झाले तेव्हा धनूचं डोकं कणसं खुडलेल्या वावरासारखं दिसत होतं आणि कल्याणचं त्याहून वाईट, पण पोरगी रडली नव्हती. असा भाऊ. लंकानं प्रेसवाल्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि गिरणीचा पट्टा चढवला.

धनू नऊ वर्षांची. बोलायची मोजकं, लागलं तर. तोंडाकडं बघायची नाही. फुलाफुलांचा एकच हिरवा फ्रॉक, तो धुतला की वाळेपर्यंत दोरीखाली उभी. पण गिरणीत तिचं राज्य होतं. दळणाचे डबे आले त्या क्रमानं ती ओळीत लावायची आणि त्या ओळीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. एकदा सरपंचाच्या बायकोनं गडबड आहे म्हणून आपला डबा पायानं पुढं सरकवला. धनूनं अशी किंकाळी फोडली की माहीजळगावच्या फाट्यावर एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. सरपंचीणबाईंनी डबा उचलला आणि मुकाट्यानं शेवटी नेऊन ठेवला. तेव्हापासून गावात इतर दोन गिरण्यांवर नंबरावरून भांडणं व्हायची, लंकाच्या गिरणीवर कधी नाही. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, धनूचा न्याय कोर्टात मिळायचा न्हाई.

हे सगळं मात्र आता. आधीची चार वर्षं लंका कशी जगली ते तिचं तिलाच ठाऊक. धनू तीन वर्षांची असताना नगरला सावेडीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरगी स्वमग्न आहे, हा आजार नव्हे, तिची घडणच अशी आहे, तुम्ही शिकाल तसं तीही शिकेल. नवऱ्यानं, सुनीलनं, दवाखान्याच्या जिन्यातच विचारलं होतं, “तुमच्याकडं कुनाला हाय का असलं?” सहा महिन्यांत तो चाकणला कंपनीत लागला आणि वर्षात तिकडचाच झाला. लंका धनूला कडेवर घेऊन माहेरी मिरजगावला आली. बाप वारलेला, त्याची गिरणी बंद पडलेली, कल्याण आयटीआयला. तिनं गिरणी चालू केली. आणि हातात चार दिवस मोकळे सापडले की धनूला घेऊन निघायची. ह्या दवाखान्यात, त्या दर्ग्यात, अमक्या देवऋषाकडं. एकानं धुरी दिली. तीन दिवस पोरगी खोकत राहिली आणि आई जवळ आली की दचकून अंग चोरायला लागली. त्या रात्री लंकानं तिच्या गळ्यातला काळा दोरा पोत्याची शिवण उसवायच्या हुकानं तोडला.

त्या चार वर्षांत तिच्या मनात आणखी एक पोरगी होती. तशीच, धनूच्याच तोंडवळ्याची, पण पंधरा ऑगस्टला भाषण करणारी, शाळेतून पळत येऊन गळ्यात पडणारी, बडबडून कान किटवणारी. लंका तिला रोज वाढवत होती. धनूनं शब्द काढला नाही की ती बोलायची, धनूनं हात झटकला की ती हात धरायची. दोरा तोडला त्या दिवशी लंकानं तिलाही वाटेला लावलं. सोपं नव्हतं. पोटची पोरगी गेल्यासारखी ती पंधरा दिवस गिरणीच्या आवाजात रडत होती, कारण तिथं कुणाला ऐकू जात नव्हतं. पण मग उरली ती धनू. हिरव्या फ्रॉकमधली, डब्यांच्या ओळीजवळची. ती हात लावू देत नसे, पण जड गोधडी पांघरून वरून दाबलं की सुखानं डोळे मिटायची. मग लंका रोज दाबायची. तेवढ्यात दोघींचं भागत होतं.

पत्रिकेनंतर आठवड्यानं बस्ता निघाला. लग्नाचे कपडे दोन्हीकडच्यांनी मिळून घ्यायचे, म्हणून नगरच्या कापड बाजारात एका दुकानाच्या पांढऱ्या गादीवर दोन्ही घरची मंडळी बसली. राहुरीकडून नवरी आरती आणि तिची मावशी कडूबाई. कडूबाई म्हणजे एक वस्ताद. साडीचा पदर नुसता चिमटीत धरून ती सांगायची, ही धुतल्यावर किती आटेल आणि विकणारा कितपत खोटं बोलतोय. इकडून कल्याण, त्याची आई भागूबाई आणि लंका. धनूला शेजारच्या चांगुणाकाकूकडं ठेवलं होतं.

शालू पसंत पडला. चहा आला. कडूबाईनं बशीत चहा ओतला, फुंकला आणि सहज म्हणाली, “लंकाबाई, पोरगी येती का न्हाई लग्नाला?”

“कोन, धनू? येती की—”

“पाचगणीवरनं सुट्टी द्यायला पायजे ना. तिथली शाळा लई कडक म्हनं. घोड्यावर बसायला शिकली ना ती? तुमच्या आईनं सांगितलं. आनि इंग्रजीत आसं फाडफाड बोलती म्हनं.”

लंकानं हातातली बशी खाली ठेवली. तिनं आईकडं बघितलं. भागूबाई एकदम गादीवरच्या साडीच्या घडीतला एक काल्पनिक डाग खरवडायला लागली. तिनं भावाकडं बघितलं. कल्याण वर पंख्याकडं बघत होता. असं बघत होता, जणू त्या पंख्याची सोयरीक त्यालाच जुळवायची होती.

दोघांनी मिळून तिला परत आणलं होतं. वाटेला लावलेल्या त्या पोरीला. लंकाच्या आईनं आणि भावानं, लंकाच्या पाठीमागं, तिला चांगली खाऊपिऊ घालून मोठी केली होती, पाचगणीला घातली होती, घोड्यावर बसवली होती. आणि जी खरी होती, ती चांगुणाकाकूच्या ओट्यावर आईची वाट बघत होती.

सगळं दुकान लंकाच्या तोंडाकडं बघतंय असं तिला वाटलं. आरती बघत होती. कडूबाई बशीवरून बघत होती. लंकानं तोंड उघडलं आणि तिच्याच कानांना तिचा आवाज आला, “तिच्या परीक्षा हायेत.”

“आस्सं,” कडूबाई म्हणाली आणि चहा प्यायली.

घरी आल्यावर लंकानं चप्पलही काढली नाही.

“घोड्यावर बसवलीस व्हय गं आये?”

भागूबाई आधी पाणी प्यायली. मग तिनं पदर डोळ्याला लावला. मग पदर काढून लंकावरच उलटली. “मंग काय सांगू? तीन ठिकानी मोडलं त्याचं. कुनी बोलत न्हाई, पन धनूला बघून गेलं की निरोप येतो, पत्रिका जुळत न्हाई. पोरगं सव्वीस वर्सांचं झालं. तुला भाऊ हाय का न्हाई?”

“मला भाऊ हाय का, ते त्यालाच इचार.”

कल्याण दारात उभा होता. “आक्का, मला लाज वाटत न्हाई तिची. देवाशपथ. पन त्यांनी इचारलं ना, घरान्यात असलं कुनी हाय का म्हनून...”

“असलं म्हंजी कसलं?”

कल्याण वाकून चपला काढायला लागला.

“सांग की. केस तू कापलेत तिचे. कसलं?”

“आई बोलून गेली. मंग मला मागं फिरता येईना. एकदा लग्न हुंदे, आरती घरी येऊंदे, मंग म्या सोता सांगतो. तवर... लग्नात डीजे हाय आक्का. तिला सोसायचा न्हाई. तिच्या भल्यासाठीच म्हनतोय, तिला हितंच ऱ्हाऊंदे.”

डीजेचं तर लंकाच्याही मनात होतं. डीजे वाजायच्या आत धनूला अक्षता टाकू द्यायच्या आणि मागच्या दारानं घेऊन निघायचं, असं तिचं आधीपासून चाललं होतं. तिचंच शहाणपण त्यांनी उचललं होतं आणि पोरीला लपवायला वापरलं होतं.

“प्रेसवाल्याला म्या उगंच शिव्या दिल्या,” ती म्हणाली. “मी बी येत न्हाई लग्नाला.”

वऱ्हाड लंकाशिवाय राहुरीला गेलं. नवऱ्याची सख्खी बहीण का नाही, म्हणून लोक विचारणारच. भागूबाईनं सांगितलं, पाय मुरगळला. मिरजगावच्या वेशीपासून निघालेला तो मुरगळलेला पाय नगर येईपर्यंत मोडला होता आणि राहुरीत मांडवात पोचला तेव्हा त्याच्यात दोन ठिकाणी सळ्या पडल्या होत्या. एका पाहुण्यानं तर एक्स-रे बघितल्याचंही सांगितलं.

दिवेलागणीला वऱ्हाड परतलं. लंकानं धनूला चांगुणाकाकूबरोबर गिरणीत ठेवलं आणि शटर अर्धं ओढलं, म्हणजे बँडचा आवाज कमी येईल. मग ती घराच्या दारात येऊन उभी राहिली, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून. नवी सून उंबऱ्यातलं माप ओलांडून आत यायच्या आधी नवऱ्याच्या बहिणीनं दार अडवायचं, हा तिचा हक्क. तिथं बहीण काही मागते, नवरा-नवरीला नावं घ्यायला लावते, सगळी गल्ली गंमत बघते. आजही गल्ली लोटली होती. मोबाईल वर झाले होते. आरतीच्या मागं पाठराखीण म्हणून कडूबाई आली होती. लंकाच्या दोन्ही धड पायांकडं बघून ती म्हणाली, “सळ्या चांगल्या बसल्या की!”

गल्ली हसली. भागूबाई लंकाच्या कानाशी येऊन कुजबुजली, “लंके, साडी माग आन सोड बाई. लोक बघत्यात.”

“काय पायजे आक्का?” कल्याण म्हणाला. हसत होता, पण डोळे हसत नव्हते. “साडी सांग, पैठनी सांग.”

“साडी नको,” लंका म्हणाली. “नाव घे.”

“घेतो की. आरतीचं—”

“आरतीचं नंतर. आधी माझ्या लेकीचं घे. मंग आत ये.”

हसणं विरलं. ज्यांना ठाऊक होतं ते खाली बघायला लागले, आणि गल्लीत ठाऊक नसलेलं कुणी नव्हतंच. कल्याणनं आरतीकडं बघितलं, कडूबाईकडं बघितलं, मोबाईलांकडं बघितलं. ओठ हलले. लंकाला वाटलं, आता घेईल. तिनं चौकटीवरचे हात थोडे सैल केले. एवढंच तर हवं होतं. त्यानं घाबरत का होईना, पण ह्या माणसांपुढं धनू माझी म्हणावं.

“आक्का,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “आत्ता नको ना.”

मग कडूबाई पुढं आली.

“घ्या की जावईबापू. भेता कशाला? ती पाचगणीला न्हाई ते आमाला ठाव हाय.”

भागूबाईच्या हातातलं ओवाळणीचं ताट वाजलं.

“चौकशी केल्याबगर कुनी लेक देतं व्हय?” कडूबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. “सोयरीक ठरायच्या आधी म्या हितं ननंदंकडं उतरले हुते. दोन पायल्या बाजरी घिऊन गिरनीत गेले. लंकाबाई तवा आत चाळनीशी हुती, तिनं मला बघितलंच न्हाई. डबा वाइच पुढं सारला तर पोरीनं असली बोंब ठोकली, माझे कान दोन दिस वाजत हुते. म्या आरतीला सांगितलं, पोरगी खरी हाय, घर चांगलं आसंल. आन मंग वाट बघत बसलो. आज सांगत्याल, उद्या सांगत्याल. तर ह्यांनी घोडाच काढला!”

गल्ली इतकी हसली की बँडवाल्याला वाटलं आपली वेळ झाली.

कडूबाई मात्र हसली नाही. ती लंकाकडं वळली आणि तिचा आवाज उतरला. “म्हनून बस्त्यात तुला इचारलं, लंकाबाई. म्हनलं, बाकीचे काय बी सांगत्याल, आई खरं सांगंल. तू परीक्षा काढल्यास.”

लंकानं भावाला दारात धरलं होतं, आणि कडूबाईनं तिला कापड बाजारातच धरलं होतं.

तोवर कल्याणच्या तोंडावर रंग परत आला होता. लपवायचं काही उरलंच नव्हतं. त्यानं फेटा सारखा केला, छाती काढली आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला, “आरतीला घेऊन आलो मी सासरी, धनश्री माझी भाची, सदा हसरी!”

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. भागूबाईनं सुटकेचा श्वास टाकला. सदा हसरी. धनू हसायची, पण वर्षातून कधीतरी, पिठाची धार बोटांतून गळताना, आणि तेही कुणाला न दाखवता. यमकाला लागली म्हणून त्यानं पुन्हा पाचगणीच्या त्या दुसरीलाच आणून उभं केलं होतं. आणि नाव घेतलं होतं ते केव्हा? घ्यायला काहीच लागत नव्हतं तेव्हा.

लंकानं हात खाली घेतले आणि बाजूला झाली. आरतीनं पायानं माप लवंडलं. आत जाताना ती लंकापाशी अडखळली, काही बोलणार होती, पण मागून रेटा आला आणि ती आत गेली.

“आक्का, आता तरी झालं ना मनासारखं?” कल्याण तिच्याजवळ वाकून म्हणाला. तो खराच खुशीत होता. “जा, धनूला घिऊन ये. फोटोत घिऊ. मधी उभी करू.”

“न्हाई.”

“आता का? आता तर समद्यांना—”

“म्हनूनच,” लंका म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत निघाली.

गिरणीत चांगुणाकाकू पेंगत होती. तिला लंकानं जेवायला पाठवलं. धनू पोत्यावर बसून ताटलीतली ज्वारीची भाकरी खात होती, काळा ठिपका असेल तेवढा तुकडा काढून कडेला ठेवत होती. लंका तिच्यापासून हातभर अंतरावर बसली. त्याहून जवळ धनू जेवताना कुणाला बसू देत नसे. बाहेर बँड लागला तशी लंकानं उठून शटर पुरतं ओढलं आणि परत येऊन तेवढ्याच अंतरावर बसली.

“धने,” ती म्हणाली, “मामा खोटं बोलला. आजी बोलली. आन म्या बी बोलले. नगरला, दुकानात. तू न्हाईस आसं बोलले.”

धनू भाकरी निरखत होती.

पोरगी आपल्याकडं बघेल, ही आशा लंकानं केव्हाच सोडली होती. त्यात तिला दुःखही राहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र ती थांबून राहिली. वाटलं, हिनं एकदाच मान वर करावी. रागानं बघावं, ताटली फेकून मारावी, काय करायचं ते करावं.

धनूनं मान वर केली नाही. एक तुकडा उलटा करून बघितला, दुसऱ्या बाजूला ठिपका दिसला, तो कडेला ठेवला आणि पुढचा उचलला.